रिकाम्या केंद्रांबद्दल शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण विभाग,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

विषय : जिल्हा परिषद शाळांची गुणवत्ता टिकवण्यासाठी केंद्रप्रमुखांची पदे भरणे व त्यांना अध्यापनविषयक कामासाठी मोकळे करणेबाबत

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका म्हणून आणि सेवेच्या अखेरच्या टप्प्यात केंद्रप्रमुख (साधारण दहा शाळांच्या केंद्रावर शैक्षणिक देखरेख करणारी व्यक्ती) म्हणून काम करून मी निवृत्त झाले आहे. मी कोणत्याही संघटनेची पदाधिकारी नाही आणि वेतन, पेन्शन किंवा वरिष्ठश्रेणी यांपैकी कशाचीही मागणी या पत्रात नाही. मागणी एकच आहे. राज्यातील केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरावीत, त्यांना माहिती गोळा करण्याच्या कामातून सोडवावे आणि पुन्हा वर्गात बसू द्यावे. मंत्रालयातून पाहताना ही मागणी किरकोळ वाटण्याची शक्यता आहे, कारण गुणवत्तेचा विषय निघाला की आपल्याकडे नवे अभियान, नवे ॲप किंवा नवी चाचणी यांची चर्चा होते, आणि मधल्या फळीतील पदांचा प्रश्न आस्थापना शाखेच्या फायलीत जाऊन पडतो. माझ्या मते शाळा सुधारण्याचे प्रयोग महाराष्ट्राला कधीच कमी पडले नाहीत. सुधारलेली शाळा तशीच राहावी यासाठी लागणारी माणसे मात्र आपण हळूहळू कमी करत आणली आहेत.

प्रयोग कमी पडले नाहीत हे वाक्य मी सौजन्य म्हणून लिहिलेले नाही. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाला मिळाला, आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कल्पनेशी त्या शाळेचे नाव जोडले गेले. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. या दोन्ही शाळा सरकारी आहेत आणि दोन्ही ठिकाणचे यश खरे आहे. मात्र अशा प्रत्येक बातमीत शिक्षकाचा चेहरा दिसतो, व्यवस्थेचा दिसत नाही, आणि त्या शिक्षकाची बदली झाली तर पुढे काय, हा प्रश्न सत्कारसमारंभात कोणी विचारत नाही. गावातले पालक तो विचारतात. चांगल्या गुरुजींची बदली रद्द व्हावी म्हणून शाळेला कुलूप ठोकणारी गावे आपल्या राज्यात आहेत. त्या कुलपाकडे शिस्तभंग म्हणून पाहण्याआधी ते पालक काय सांगत आहेत ते ऐकावे : शाळा म्हणजे एक माणूस आहे, तो गेला की ती गेली, असा त्यांचा अनुभव आहे.

आता आकड्यांकडे येते. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०२२ मध्ये ४२.८ टक्के होते आणि २०२४ मध्ये ते ४८.८ टक्क्यांवर आले. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांमध्ये हेच प्रमाण १६.३ टक्क्यांवरून २३.४ टक्क्यांवर गेले. करोनाकाळात झालेली पडझड दोन वर्षांत बरीचशी भरून निघाली, हे लहान यश नव्हे. निपुण भारत अभियानाने पायाभूत वाचन आणि गणन या दोनच गोष्टींवर लक्ष ठेवायला लावले त्याचा यात मोठा वाटा असावा असे मला वाटते, आणि केंद्र सरकारच्या एखाद्या अभियानाचे कौतुक मी सहसा करत नाही. तरीही याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की पाचवीच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले अजून दुसरीचे पुस्तक अडखळत वाचतात. ही चढण अर्ध्यावर आहे, आणि अर्ध्या चढणीवर आपण यापूर्वीही अनेकदा थांबलो आहोत.

२०१५ चे उदाहरण आपल्या विभागाच्या कागदपत्रांतच आहे. त्या वर्षी २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यामागे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या गटाच्या) शाळांची प्रेरणा होती. त्या काळात राज्यभरातून शिक्षक गाड्या करून कुमठे बीट पाहायला जात असत. तिथे मुले गटागटाने जमिनीवर बसून काड्यांचे दशक बांधत, अंकपट्टीवर उड्या मारत, एकमेकांना शब्द देऊन वाक्ये तयार करत, आणि शिक्षक त्यांच्यात बसलेले असत. परतल्यावर शाळाशाळांतून वर्गणी काढून फरशीवर रंगीत आखणी झाली, भिंतींवर पाढे आणि जोडाक्षरे आली, ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार) हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर त्यातील बऱ्याच ठिकाणी उरला तो रंग. कुमठ्यातून जे उचलायला हवे होते ते फरशीवर नव्हतेच. तिथे एक विस्तार अधिकारी वर्षानुवर्षे त्याच शाळांत जात होत्या, वर्गात बसत होत्या, शिक्षकांबरोबर चुका शोधत होत्या आणि पुढच्या भेटीत मागच्या भेटीतला धागा पकडत होत्या. राज्यभर आपण साहित्य पोहोचवले, पण तो धागा पकडणारी व्यक्ती पोहोचवली नाही.

महाराष्ट्रात ही व्यक्ती पदाच्या रूपाने फार पूर्वीच निर्माण झाली आहे. १९९४ मध्ये साधारण दहा शाळांमागे एक केंद्र अशी रचना करून राज्यात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदे मंजूर झाली. कल्पना साधी होती. तालुक्याचा गटशिक्षणाधिकारी प्रत्येक शाळेत पोहोचू शकत नाही, म्हणून दहा शाळा सहज फिरता येतील असा, स्वतः उत्तम शिकवून वर आलेला माणूस द्यायचा, त्याने महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची आणि उरलेला वेळ वर्गात काढायचा. आज यांतील मोठ्या संख्येने पदे रिक्त आहेत. पदोन्नतीने किती भरायची आणि विभागीय परीक्षेने किती, याच्या दुरुस्त्यांत आणि न्यायालयीन वादांत वर्षे निघून गेली. तोवर एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे किंवा मुख्याध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ द्यायचा ही तात्पुरती सोय आता कायमची झाली आहे. ज्या शिक्षकाकडे असा कार्यभार जातो त्याचा स्वतःचा वर्ग ओस पडतो आणि केंद्रातील दहा शाळांपैकी एकाही शाळेला त्याचा उपयोग होत नाही. अशा एका निर्णयाने दोन्हीकडे नुकसान होते आणि हिशेबात मात्र एक पगार वाचल्याचे दिसते.

केंद्रप्रमुखाने वर्गात बसून नेमके काय करायचे असते, हे धोरण ठरवणाऱ्यांना कधी जवळून पाहायला मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तिसरीच्या वर्गात भेट दिली की मुले आनंदाने वाचून दाखवतात. पुस्तक हातात धरून, बोट फिरवत, धडा सुरुवातीपासून घडाघडा म्हणतात. बाहेरून आलेला माणूस खूश होऊन शेरा लिहून निघून जातो. अशा वेळी पान उलटून मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून ‘हे वाच बाळा’ म्हटले की काही मुले तीच पहिली ओळ पुन्हा म्हणू लागतात, कारण त्यांनी धडा ऐकून पाठ केलेला असतो. काही मुले ‘पुस्तक’ या शब्दातील ‘पु’ आणि ‘क’ पाहून उरलेला शब्द अंदाजाने पूर्ण करतात. फळ्यावर ‘मस्तक’ लिहिले की गप्प होतात. काहींना प्रत्येक अक्षर येते, पण वेलांटी आणि उकार लागला की शब्द तुटतो. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पाच इयत्ता दोघांनी सांभाळणाऱ्या शाळेत शिक्षकाला हा फरक शोधायला वेळ मिळत नाही, आणि कोणी तो दाखवून दिला नाही तर तो तिन्ही मुलांना ‘अप्रगत’ म्हणून एकाच रकान्यात लिहितो. केंद्रप्रमुखाचे काम इथे सुरू होते. तासभर बसायचे, सहा-सात मुलांचे वाचन ऐकायचे, शिक्षकासमोर त्यांचे गट पाडायचे, एका गटाला स्वतः शिकवून दाखवायचे, आणि पंधरा दिवसांनी परत येऊन तीच मुले तपासायची. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. केंद्रप्रमुख परत येणार हे माहीत असेल तर शिक्षक मधले पंधरा दिवस वेगळे घालवतो. हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे, आणि धाकाने नव्हे, तर कोणाला तरी आपल्या कामात रस आहे म्हणून.

या संदर्भात एका जुन्या कागदाची आठवण करून द्यावीशी वाटते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली, ती आपण जयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष आणि अपुरी असल्याचे लिहिले होते, डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेत जाऊन फारसा उपयोग होत नाही असे म्हटले होते, आणि निदान तिमाहीला एकदा तरी, शिवाय काही वेळा पूर्वसूचना न देता, शाळा पाहिल्या जाव्यात अशी सूचना केली होती. हा भाग भाषणांत येत नाही. आजच्या एखाद्या दुर्गम केंद्राच्या शेरेबुकातील भेटींच्या तारखा पाहिल्या तर जोतीरावांची ती किमान अपेक्षाही पूर्ण झालेली नाही असे दिसेल.

जिथे केंद्रप्रमुख नियमित नेमलेला आहे, तिथेही तो वर्गात नसतो. त्याचा दिवस मोबाइलवर सुरू होतो. तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी संदेश येतो : ‘अत्यंत तातडीचे. सोबतची लिंक आज दुपारी चारपर्यंत सर्व शाळांनी भरावी. अपूर्ण शाळांची जबाबदारी केंद्रप्रमुखांवर राहील.’ आधार पडताळणी, अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), यू-डायस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलमधील दुरुस्त्या, पोषण आहाराची ऑनलाइन नोंद, एखाद्या दिनविशेषाची छायाचित्रे, वृक्षलागवडीचा अहवाल, एखाद्या शपथेचा व्हिडिओ. ज्या शाळेत रेंज नाही तिथला शिक्षक टेकडीवर जाऊन फॉर्म भरतो. ज्याच्याकडे माहितीच नाही तो ‘निरंक’ कळवतो, आणि ‘निरंक’ कळवणाऱ्या शाळेला पुन्हा विचारणा होते. आधीच भरलेली माहिती दुसऱ्या तक्त्यात, तिसऱ्या पोर्टलवर पुन्हा मागितली जाते. कागदी घोडे नाचवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. हल्ली ते घोडे मोबाइलमध्ये आले, आणि त्यांना रात्रही वर्ज्य राहिली नाही एवढाच फरक.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. आपल्या विभागाने २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला. तो निर्णय वाचताना मला जाणवले ते असे की शिक्षकांचा वेळ खाणारी बहुतेक ऑनलाइन कामे शाळेशी संबंधित असल्यामुळे ‘शैक्षणिक’ या सदरात सहज बसतात. म्हणजे काम तेच राहते, फक्त त्याची पाटी बदलते. प्रत्येक केंद्राला माहिती भरणारा एक कर्मचारी दिला आणि शाळेची एकदा यू-डायसवर भरलेली माहिती पुन्हा मागण्यास सर्व कार्यालयांना मनाई केली, तर वर्गवारीच्या वादाची गरजच राहणार नाही. दहा शाळांतील पंचवीस-तीस शिक्षकांचा रोजचा तास-दीड तास वाचवण्यासाठी एका कर्मचाऱ्याचा पगार फार नाही.

लहान शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो पट दीडशेच्या वर गेला तरच. ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य शाळा या संख्येच्या जवळपासही नाहीत. तिथे दोन शिक्षकांपैकी ज्येष्ठ असेल तो प्रभारी असतो आणि तोच दोन-तीन इयत्ता शिकवतो. अशा शाळेला शैक्षणिक नेतृत्व देणारी व्यक्ती शाळेच्या आत असूच शकत नाही; ती केंद्रातूनच यावी लागते. तेव्हा केंद्रप्रमुखाचे पद रिक्त ठेवणे म्हणजे दहा लहान शाळांना एकाच वेळी मुख्याध्यापकाविना ठेवणे आहे. पदे मंजूर करताना हा हिशेब कोणीतरी मांडला होता. ती रिकामी राहू देताना मांडलेला दिसत नाही.

याच शाळांच्या बाबतीत वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे ‘समूह शाळां’त (अनेक लहान शाळा एकत्र करून केलेल्या शाळांत) रूपांतर करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला आणि पानशेत व तोरणमाळची उदाहरणे देण्यात आली. पाठोपाठ संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याचे, निकष बदलले, सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांचे शिक्षक जातील अशी भीती पसरली आणि आंदोलने झाली. या वादात मी पूर्णपणे आंदोलकांच्या बाजूची नाही. चार मुलांच्या शाळेत चौथ्या इयत्तेत एकटाच असलेला मुलगा कोणाशी वाद घालणार, कोणाबरोबर खेळणार आणि कोणाचे पाहून शिकणार, हाही प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्याला लगेच शाळाबंदीचा समर्थक ठरवू नये. मात्र उत्तर पटाच्या आकड्यावरून मुंबईत किंवा पुण्यात ठरू शकत नाही. घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा निकष कागदावर असताना, मधला ओढा जुलै-ऑगस्टमध्ये ओलांडता येतो का, गाडी रोज येईल की ठेकेदाराचे बिल थकले म्हणून थांबेल, दहा-अकरा वर्षांच्या मुलीला आईबाप दुसऱ्या गावी पाठवतील का, हे ज्याला माहीत आहे त्यानेच प्रत्येक वाडीचा निर्णय सुचवावा. ती माहिती केंद्रप्रमुखाकडे असते, किंवा असायला हवी.

नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत, मेळघाटातील कोरकू पाड्यांत आणि भामरागडच्या माडिया गावांत पहिलीत येणाऱ्या मुलाला पुस्तकातील मराठी ही जिच्यातून शिकायचे ती भाषा नसून आधी स्वतः शिकून घ्यावी लागणारी भाषा असते. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांत दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की वर्गातील बाके रिकामी होतात आणि ती मार्च-एप्रिलपर्यंत तशीच राहतात. हंगामी वसतिगृहांची योजना चांगली आहे, पण ती कोणत्या गावात कधी सुरू करायची हे मुकादमाची उचल वाटून होण्यापूर्वी कळले तरच उपयोगी पडते. राज्यासाठी एकच वेळापत्रक आणि एकच उपक्रमसूची पाठवली की अशा गावांत तिची अंमलबजावणी फक्त छायाचित्रात होते.

महोदय, आपल्या विभागाच्या निर्णयांच्या अस्थिरतेबद्दलही लिहिणे भाग आहे. पाठ्यपुस्तकांत वहीची पाने जोडण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. संपूर्ण राज्याला एकसारखे गणवेश मध्यवर्ती पद्धतीने देण्याची योजना आली, मुलांना अर्धे वर्ष गणवेशाची वाट पाहावी लागली, आणि २०२४ च्या अखेरीस हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. चुकीचा निर्णय मागे घेणे हे सरकारला कमीपणा आणणारे नाही, आणि यांतील काही निर्णय मागे घेतले गेले याचे मी स्वागतच करते. पण यातून शाळांत एक स्वभाव तयार झाला आहे. नवे परिपत्रक आले की अनुभवी शिक्षक नवख्याला सांगतात, ‘घाई करू नको, दोन वर्षांत हेही जाईल.’ ज्या व्यवस्थेतील माणसे वाट पाहायला शिकतात तिथे उत्तम योजनाही रुजत नाही, कारण ती किती दिवस टिकेल याचा अंदाज सर्वांनी आधीच बांधलेला असतो. पुढचे पाठ आणि मागचे सपाट हे आपण मुलांबद्दल म्हणतो. विभागाच्या उपक्रमांना ते जास्त लागू पडते.

सातत्याने काय होते याचे एक परदेशी उदाहरण शिक्षणक्षेत्रात नेहमी दिले जाते, ते ब्राझीलच्या ईशान्येकडील सोब्राल या शहराचे. हा भाग त्या देशातील गरीब भागांपैकी एक आहे. २००१ च्या सुमारास तिथे लक्षात आले की दोन-तीन वर्षे शाळेत काढूनही अनेक मुलांना वाचता येत नाही. नगरपालिकेने मुख्याध्यापकांच्या नेमणुका राजकीय शिफारशींऐवजी गुणवत्तेवर करायला सुरुवात केली, सुरुवातीच्या इयत्तांतील वाचन हे एकच उद्दिष्ट ठेवले आणि मुलांची तपासणी शाळेबाहेरच्या लोकांकडून नियमित करून घेतली. २००५ मध्ये राष्ट्रीय निर्देशांकात हजाराच्याही खाली असलेले हे शहर साधारण दहा वर्षांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. यात आपल्याला ठाऊक नाही असे काहीच नाही. तिथे त्याच तीन गोष्टी सत्तेवरची माणसे बदलल्यावरही चालू राहिल्या.

तपासणीचा उल्लेख आला म्हणून चाचण्यांबद्दल. जागतिक बँकेच्या मदतीच्या स्टार्स या शालेय शिक्षण प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या, त्यांचे पेपर राज्यस्तरावरून येतात आणि गुण मात्र वर्गशिक्षकच तपासून पोर्टलवर भरतो. निपुण भारतचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे आहे. मुदत जवळ आली की तालुक्यातालुक्यांत ‘शंभर टक्के निपुण’ अशा घोषणा होऊ लागतील, आणि त्यांत खऱ्या शंभर टक्के शाळा कोणत्या हे कोणालाच सांगता येणार नाही. कमी आकडा कळवणाऱ्या शिक्षकाला खुलासा मागितला जात असेल तर तो जास्त आकडा कळवणारच. त्यात त्याचा दोष कमी आणि विचारणाऱ्याचा जास्त आहे. त्याऐवजी दुसऱ्या केंद्राचे केंद्रप्रमुख आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे अधिव्याख्याते यांनी प्रत्येक शाळेतील काही मुलांचे तोंडी वाचन वर्षातून दोनदा ऐकावे, निकाल शाळेला आणि गावाला सांगावा, आणि त्या निकालावरून कोणाचीही वेतनवाढ रोखू नये. जिथे निकाल वाईट असेल तिथे केंद्रप्रमुखाच्या भेटी वाढाव्यात, एवढाच त्याचा परिणाम असावा.

पैशाविषयी थोडेच लिहिते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ती पुन्हा छापली. तिची वाट मी आता पाहत नाही. पण समग्र शिक्षा अभियानातून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते, तेही बहुधा वर्ष सरत आल्यावर. त्यात वीजबिल, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतेचे साहित्य भागवायचे असते. वीज तोडली गेली की स्मार्ट टीव्हीवर कापड झाकून ठेवतात. हे अनुदान जूनमध्ये हाती आले तरी मोठा फरक पडेल.

आणखी एक अडचण आहे जिचा विचार आत्ताच व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालामुळे पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या आणि शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी लागणार आहे. पंचेचाळिशीतील शिक्षक संध्याकाळी सरावसंच सोडवताना मी पाहत आहे. निकालाच्या योग्यायोग्यतेत मला जायचे नाही, पण या दोन वर्षांत त्यांच्यावर नवे प्रशिक्षण आणि नवे उपक्रम लादू नयेत, आणि परीक्षेची तयारी खासगी क्लासवर न सोडता जिल्हा प्रशिक्षण संस्थांनी केंद्राच्या शिक्षण परिषदांतून करून घ्यावी.

बदल्यांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यावर बोलले की सर्व बाजूंनी रोष ओढवतो. ऑनलाइन बदल्यांमुळे वशिलेबाजी कमी झाली हे मान्य केलेच पाहिजे. पण एका शाळेतील दोन्ही शिक्षकांना एकाच वर्षी ‘खो’ बसतो तेव्हा मुलांची नावे, त्यांची गती, कोणत्या घरातून पोर शाळेत यायला रोज बोलावणे पाठवावे लागते, हे सारे एका दिवसात शाळेतून निघून जाते. द्विशिक्षकी शाळेतील दोघांची बदली एकाच वर्षी होणार नाही, आणि कोणतीही बदली शाळा सुरू झाल्यावर अमलात येणार नाही, एवढे दोन नियम संगणकप्रणालीत घालणे अवघड नसावे. केंद्रप्रमुख एका केंद्रात किमान पाच वर्षे राहिला तर हे ज्ञान त्याच्याकडे तरी टिकेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे की विभागाने राज्यातील प्रत्येक केंद्रासमोर तेथील केंद्रप्रमुख नियमित आहे, प्रभारी आहे की पद रिक्त आहे, आणि रिक्त असेल तर कोणत्या तारखेपासून, याची यादी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी व दर महिन्याला अद्ययावत ठेवावी. ही माहिती प्रत्येक पंचायत समितीत आजही उपलब्ध आहे आणि त्यासाठी शाळांना नवी लिंक पाठवण्याची गरज पडणार नाही. पदे भरण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत निदान प्रत्येक जिल्ह्यातील एका तालुक्यात सर्व केंद्रांवर पूर्णवेळ केंद्रप्रमुख आणि एक माहिती कर्मचारी देऊन येत्या जूनपासून काम सुरू करावे, आणि त्या तालुक्यात पुढील तीन वर्षे कोणताही नवा उपक्रम पाठवू नये. तालुका निवडताना जिल्ह्याच्या ठिकाणाजवळचा निवडू नये. दुर्गम असेल तो निवडावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख